भंडाऱ्याचा पिवळा

सोमवती अमावस्येला जेजुरीत मी ४१२ फोटो काढले आणि त्यातल्या एकातही भंडारा नव्हता.

पिवळा रंग होता, भरपूर होता. पण मुठीतून सुटलेला भंडारा हवेत आधी गोळा धरतो, मग त्याच्या कडा विरत जातात. मधे दाट, बाहेर विरळ, आणि ऊन आरपार गेलं की त्याच्या पोटात तपकिरी सावल्या पडतात. हे मी डोळ्यांनी पाहून आले होते. फोटोत त्या जागी घोटीव कागदाचा कपटा डकवावा तसा सपाट डाग होता. खांदेकऱ्यांच्या पाठीवर तोच डाग, दीपमाळेच्या पायथ्याशी तोच, हवेतही तोच.

खंडोबा आमचं कुलदैवत. आत्या सासवडला राहते, त्यामुळे लहानपणापासून जेजुरी हे आमच्यासाठी प्रवासाचं ठिकाण नव्हतंच, ते आत्याच्या घरून सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत यायचं गाव होतं. चाळिशीत मी जुना, २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर कॅमेरा विकत घेतला तेव्हा त्याच्यावर पहिल्यांदा काय काढायचं हे ठरवायची गरजच पडली नाही. सोमवतीला पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला निघते, लाखो हात भंडारा-खोबरं उधळतात, काळा गड वरपासून खालपर्यंत पिवळा होतो. सोन्याची जेजुरी म्हणतात ती हीच. मला ती हवी होती.

बहिणीचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. त्याला दाखवले. त्याने दोन-चार फोटो मोठे करून पाहिले आणि म्हणाला, "मावशी, हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, जळालेत. जेपेगमध्ये काढलेस ना? आता ह्यात काही होणार नाही. पुढच्या वेळी रॉमध्ये काढ."

रॉ म्हणजे कच्चं, एवढं मला कळत होतं. पण फोटो कच्चा म्हणजे काय?

माझे वडील मार्केट यार्डात एका आडत्याकडे दिवाणजी होते. त्यांच्या गादीवर लाल बासनात दोन प्रकारच्या वह्या असायच्या. एक रोजकीर्द, जिच्यात दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने लिहायचं. आणि दुसरी खतावणी, जिच्यात तेच सगळं ज्याच्या त्याच्या खात्यावर नीट मांडायचं. वर्षअखेरीला ताळेबंद निघाला की मालक फक्त तो बघायचे. पण कुठे रकमेत फरक आला की अण्णा कीर्द उघडायचे. कीर्द गबाळी दिसते, शाईचे डाग असतात, पण खरं काय झालं ते तिथेच सापडतं, असं ते म्हणायचे. कीर्द हरवली तर नुसत्या ताळेबंदावरून मागे जाता येत नाही.

भाच्याने मला जे समजावलं ते मी ह्या वह्यांवर लावून समजून घेतलं. जेपेग हा ताळेबंद. कॅमेरा शटर पडल्या क्षणी उजेड मोजणाऱ्या सेन्सरकडून मिळालेल्या नोंदींचा हिशेब करतो, रंग ठरवतो, कॉन्ट्रास्ट ठरवतो, कडा धारदार करतो, हिशेबात अनावश्यक वाटलेलं सगळं फेकून देतो आणि आठ-दहा एमबीची सुबक फाइल हातात ठेवतो. रॉ फाइल ही कीर्द. पंचवीस-तीस एमबीची, आणि उघडली की मळकट दिसणारी.

नोंदी कशा असतात तेही सांगते, कारण मला ते कळल्यावर खरा आनंद झाला होता. सेन्सरवरच्या कोट्यवधी ठिपक्यांपैकी एकालाही पूर्ण रंग दिसत नाही. प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काच असते, आणि तो तेवढ्याच एका रंगाचा उजेड मोजतो. ठिपक्यांच्या रांगोळीतल्या कोणत्याही दोन-बाय-दोनच्या चौकोनातले चार ठिपके डोळ्यासमोर आणा: दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर ह्यांना १९७६ मध्ये ह्या मांडणीचं पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. हिरवे दुप्पट, कारण आपल्या डोळ्याला उजेडातला बारीकसारीक फरक हिरव्यात सगळ्यात जास्त कळतो. उरलेले दोन रंग प्रत्येक ठिपक्यापाशी शेजाऱ्यांना विचारून भरायचे. रांगोळीचे ठिपके रेषांनी जोडावेत तसं.

आणि मोजायचं किती बारकाईने? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला काळ्यापासून भर उजेडापर्यंत २५६ पायऱ्या. माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४.

मग भंडारा का जळाला, ह्याचं उत्तर मिळालं. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा भरपूर, निळा जवळजवळ नाही. सेन्सरला मुळात लाल आणि निळा कमी भेटतो, म्हणून जेपेग करताना कॅमेरा ते आकडे गुणून वाढवतो. माझ्या कॅमेऱ्यात भर उन्हात लाल जवळजवळ दुप्पट होतो. वर फोटो उठावदार दिसावा म्हणून कॉन्ट्रास्ट चढवतो. झालं, लाल २५५ला जाऊन छताला टेकला, निळा शून्यावर जमिनीला चिकटला. गोळ्याचं दाट पोट आणि विरळ कडा ह्यांच्यात फरक सांगायला कोणी उरलंच नाही. सेन्सरने तो फरक मोजलेला होता. मी कीर्द ठेवली नव्हती.

पूर्वी आम्ही रोल धुवायला टाकायचो. ३६ फोटोंचा रोल स्टुडिओत द्यायचा आणि चार दिवसांनी आणायला जायचं. त्या चार दिवसांत मशिनपाशी बसून कोणीतरी माझ्या वतीने ठरवत असे की आकाश किती निळं आणि चेहरा किती उजळ. फोटो काढणं माझं, धुणं त्याचं. डिजिटल आल्यावर मला वाटलं होतं की धुणं संपलं. ते संपलं नव्हतं, कॅमेऱ्याच्या आत गेलं होतं. जेजुरी कधी न पाहिलेल्या कुणा इंजिनिअरने ठरवलेल्या पाण्यात माझा भंडारा धुतला जात होता. त्याची चूक नाही, त्याला सगळ्या जगाचे फोटो धुवायचे असतात. पण हे धुणं मला माझ्या हाताने करायचं होतं.

पुढच्या सोमवतीला रॉवर गेले. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधली, पुढून लेन्सपुरतं तोंड कापलं, रबर लावला, आणि तिथे काही झालं तरी लेन्स बदलायची नाही असं ठरवलं. मागच्या वेळी बदलली होती तर सेन्सरवर एक कण बसला आणि नंतरच्या प्रत्येक आकाशात एकाच जागी राखाडी ठिपका आला. ह्या वेळी दुसरी अडचण. पालखी कमानीतून बाहेर आली, मी बटण दाबून धरलं, आणि सहा-सात फोटोंनंतर कॅमेरा थांबला. एवढ्या मोठ्या फाइली कार्डावर उतरवायला त्याला वेळ लागत होता. त्या तीन-चार सेकंदांत पालखी माझ्या समोरून गेली. मी नुसती बघत उभी राहिले. पिवळ्या धुरळ्यातून एका म्हाताऱ्या खांदेकऱ्याची मान दिसली, घामाने ओली, आणि तिच्यावर बसलेला भंडारा ओला होऊन केशरीकडे झुकलेला. त्याचा फोटो माझ्याकडे नाही. तो रंग मात्र मला अजून नेमका आठवतो, आणि पुढे त्याचाच उपयोग झाला.

घरी येऊन फाइली लॅपटॉपवर उघडल्या. उघडताना एक क्षण फोटो छान दिसायचा आणि लगेच फिका पडायचा. प्रत्येक फोटोचं तेच. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. भाचा म्हणाला की तो पहिला क्षण रॉच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेल्या छोट्या जेपेगचा, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आपण बघतो तोही तोच. नंतर दिसतं ते सॉफ्टवेअरने स्वतःच्या हिशेबाने केलेलं. कॅमेऱ्यावरचा पडदा आणि तिथला हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, दोन्ही जेपेगचे असतात, म्हणून तिथे जळालेलं दिसलं तरी रॉमध्ये बरंच शिल्लक असू शकतं. होतंही. एक्स्पोजर एका स्टॉपने खाली आणलं, म्हणजे उजेड निम्मा केला, आणि तो सपाट डाग हळूहळू उकलला. आधी कड आली, मग पोटातली सावली, मग सुटा उडालेला खोबऱ्याचा तुकडा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझ्या अंगावर काटा आला.

तरी रॉ म्हणजे सगळं परत मिळतं असं नाही. मंदिरासमोरच्या पितळी कासवावर ऊन जिथे थेट चमकलं होतं तिथे तिन्ही रंग सेन्सरवरच भरून सांडले होते. हायलाइट कितीही ओढले तरी तिथे राखाडी चट्टा यायचा. जे नोंदलंच गेलं नाही ते कीर्दीतही नसतं.

आणि मग मी त्या फोटोंची दोन महिने वाट लावली.

स्लायडर हाताशी आले की ते सरकवावेसे वाटतात. क्लॅरिटी वाढवली, दगड धारदार झाले. शॅडो वर घेतल्या, कमानीतला अंधार गेला, कोनाडे दिसायला लागले. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवलं. एका फोटोवर तास-दीड तास. रोज रात्री मुलांची जेवणं आवरली की मी बसायची आणि रोज थोडं थोडं वाढवायची, कारण डोळ्याला सवय होते आणि कालचं आज फिकं वाटतं. एका सकाळी मोबाईलवर ते फोटो पाहिले तर सगळे निळसर. भंडारा लिंबासारखा, माणसं आजारी. लॅपटॉपवर तर ठीक दिसत होते! दोन दिवस शोधल्यावर कळलं: रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून लॅपटॉपचा नाइट लाइट आपोआप सुरू होत होता. पडदा पिवळट व्हायचा, मला सगळं जास्त पिवळं वाटायचं, आणि मी टेंपरेचर कमी करून निळ्याकडे ढकलत बसायची. जवळजवळ ९० फोटो. रॉ होते म्हणून निभावलं. सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही, आपण केलेले बदल वेगळे लिहून ठेवतं. रीसेट केलं की पुन्हा पहिल्या दिवसाचं मळकट चित्र. नाइट लाइट बंद केला, पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला, आणि तेव्हापासून रंगाचं काम मी फक्त दिवसा करते, खिडकीला पाठ न करता, पडद्यावर ऊन येणार नाही अशी बसून.

तोवरचे मला बरे वाटलेले दहा-बारा फोटो घेऊन आत्याकडे गेले. एक तिचाच होता, गडाच्या पायऱ्यांवर बसलेली, कपाळभर भंडाऱ्याचा मळवट. मला फार आवडला होता तो. आत्याने चष्मा लावला, लॅपटॉप मांडीवर घेतला.

"ही कोण गं?"

"अगं आत्या, तूच की."

"मी नव्हं ही. मी एवढी गोरी कधी झाले?" आणि थोडं थांबून म्हणाली, "लग्नाच्या फोटोत पण त्या स्टुडिओवाल्यानं असंच केलेलं. तुझ्या आतोबांनी तो फोटो कधी भिंतीवर लावू दिला नाही. म्हणायचे, ही दुसरीच बाई आहे."

आत्या सावळी आहे. आमच्या घरात सगळे सावळे. मी तिला गोरं करायचं म्हणून केलं नव्हतं, शॅडो वर घेतल्या होत्या, चेहरा 'नीट दिसावा' म्हणून. पण नीट म्हणजे उजळ, हे माझ्या हातात कुठून आलं? ह्या धंद्यात ते जुनं आहे. १९५०च्या दशकापासून कोडॅककडून प्रिंट काढणाऱ्या लॅबना रंग जुळवायला जी नमुना कार्डं जायची, त्यांना शर्ली कार्ड म्हणत, त्यांच्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. तिची कांती बरोबर आली की मशिन बरोबर. जगभरच्या सावळ्या माणसांनी त्या मशिनमधून जे निघेल ते घ्यायचं. आज एडिटिंगच्या तयार प्रीसेटमध्ये चेहरा उजळणारी बटणं सर्रास असतात, आणि आपल्याकडच्या लग्नांच्या अल्बममध्ये ती किती दाबली जातात ते मी बघते. मला त्याचा मनापासून राग येतो. आपल्या भाषेत सावळा, काळासावळा, गव्हाळ, निमगोरा असे एवढे शब्द आहेत, आणि पडद्यावर त्या सगळ्यांना आपण एकाच दिशेला ढकलतो.

तिथेच, आत्याच्या ओसरीवर, मी तो फोटो रीसेट केला. शॅडो शून्यावर. आत्याचा चेहरा पुन्हा तिचा झाला, आणि माझं लक्ष गेलं ते कपाळाकडे. मळवट पेटल्यासारखा दिसत होता. मी पिवळ्याला हात लावला नव्हता. सावळ्या कपाळावर तो पिवळा होता म्हणून तो भंडारा होता. कपाळ उजळलं की तोच पिवळा विझत होता, आणि मग मी सॅच्युरेशन वाढवून त्याला पुन्हा पेटवायला बघत होते.

गडाचंही तेच. तो दगड काळा आहे, शतकानुशतकं हातापायांनी घासून तेलकट काळा झालेला. मी कमानीतला अंधार उपसून काढला होता आणि त्याच्याबरोबर सोन्याची जेजुरी उपसली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या देवघरातली भंडाऱ्याची वाटी मागून घेतली आणि खिडकीत लॅपटॉपशेजारी ठेवली. अर्धा तास मी स्लायडरला हात न लावता वाटीत बघत होते. वाटीतला पिवळा एक नव्हता. जिथे उजेड पडत होता तिथे तो जवळजवळ पांढुरका, उताराला खरा हळदीचा, आणि वाटीच्या काठाच्या सावलीत चक्क तपकिरी. चिमूट घेऊन ओल्या बोटावर लावली, तर खांदेकऱ्याच्या मानेवरचा तो केशरी. आत्या म्हणाली, चुना लागला तर ह्याचंच कुंकू होतं. बाजारातल्या पिवळ्या पुडीचं होत नाही, हळदीचंच होतं.

मग सॅच्युरेशन शून्यावर आणलं. पुरेना. आणखी खाली, उणे बारा. आणि हवेतल्या त्या गोळ्यात पूड दिसायला लागली, कणाकणाची. सॅच्युरेशन वाढवलं की निळा पुन्हा जमिनीला चिकटतो आणि पोत जातो, हे मला आकड्यांत आधीच माहीत होतं. पण पिवळा दिसावा म्हणून पिवळा कमी करायला हात धजत नव्हता. तो वाटीने धजला. काळ्या भागांचे स्लायडर तसेच ठेवले. चेहरे तसेच ठेवले. एका फोटोला सहा-सात मिनिटं लागली.

आता जेजुरीला गेले की मी आधी कॅमेरा पिशवीतच ठेवते. कमानीखाली उभी राहून बघते, कोणता पिवळा कुठे आहे. ऊन कितीचं, धुरळा कुठून कुठे जातोय, ओल्या पाठींवर काय होतंय. कारण घरी गेल्यावर ती मळकट फाइल मला विचारणार आहे की हा रंग कसा होता, आणि तिथे मी होते, कॅमेऱ्याचा इंजिनिअर नव्हता.

दिवाळीला आत्यासाठी दोन प्रिंट काढले, मॅट कागदावर. एक तिचा, मळवटाचा. दुसरा पालखीचा, धुरळ्यातून देवाचा मुखवटा दिसतोय असा. प्रिंट पहिल्यांदा काळपट आले होते, पडद्यापेक्षा कागद सहसा गडदच दिसतो. अर्धा स्टॉप वाढवून पुन्हा काढले. आत्याने तिचा फोटो बराच वेळ बघितला आणि काही न बोलता कपाटात ठेवला, साड्यांच्या घडीखाली, जिथे ती बँकेचं पासबुक ठेवते. पालखीचा फोटो तिने देवघरात टेकवला, हात जोडले, आणि मी काही म्हणायच्या आत वाटीत बोट बुडवून भंडाऱ्याची दोन बोटं फोटोवर ओढली. "येळकोट येळकोट, जय मल्हार."

मी वाकून बघितलं. तिच्या बोटाची पिवळी रेघ माझ्या छापलेल्या पिवळ्यावरून आडवी गेली होती, खिडकीच्या उजेडात दोन्ही शेजारी शेजारी. माझा जरासा लिंबाकडे होता.

घरी येऊन फाइल उघडली आणि टेंपरेचर ५३०० वरून ५४५० वर नेलं.